मॉडर्न डान्स म्हणजे नेमके काय, आणि त्यावरून एवढे वाद का झाले?

शाळेच्या गॅदरिंगच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘मॉडर्न डान्स’ असे छापलेले असले, की आता सिनेमातल्या गाण्यावर चकचकीत कपड्यांतली मुले नाचणार, हे पहिल्या रांगेतल्या आजींनाही ठाऊक असते. भरतनाट्यम, कथक, लावणी, कोळीनृत्य यांपैकी कशातच न बसणारे ते सगळे ‘मॉडर्न’, असा आपल्याकडचा सोयीचा हिशेब आहे. नृत्याच्या इतिहासात मात्र हा शब्द एका ठरावीक चळवळीसाठी वापरला जातो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, मुख्यतः अमेरिकेत आणि जर्मनीत, काही नर्तिकांनी आणि नर्तकांनी बॅलेचे व्याकरण नाकारले आणि आपापल्या शरीरातून नवी भाषा घडवण्याचा प्रयत्न केला. त्या प्रयत्नाला आधुनिक नृत्य म्हणतात. त्यात चकचकाट बहुधा नसतोच, आणि सुरुवातीच्या काळात प्रेक्षकांची पसंतीही बेताचीच होती. हे नृत्य समजून घ्यायचे तर नर्तकांची नावे पाठ करून भागत नाही, कारण ते वादांतून वाढलेले आहे आणि हे वाद बॅलेच्या पुरस्कर्त्यांनी, वर्तमानपत्री समीक्षकांनी आणि पुष्कळदा नर्तकांच्या स्वतःच्या शिष्यांनी घातलेले आहेत.

आधी ज्याला नकार दिला गेला त्या बॅलेकडे पाहू. बॅलेची सारी करामत शरीराचे वजन लपवण्यात आहे. पाय मांडीपासून बाहेरच्या बाजूला वळवलेले, कणा ताठ, आणि स्त्री नर्तिका टोकाशी कडक केलेल्या बुटांत पायाच्या बोटांवर उभी. हे सगळे अशासाठी, की ती जमिनीला जेमतेम टेकली आहे असे पाहणाऱ्याला वाटावे. परी, हंसकन्या, अतृप्त आत्मे अशी पात्रे बॅलेत पुन्हा पुन्हा येतात ती या करामतीला साजेशी म्हणूनच. 1900 च्या सुमारास अमेरिकेत बॅलेला स्वतःचे मोठे घराणे नव्हते. ऑपेरामधली सजावट किंवा विविधरंगी करमणुकीतला एक तुकडा एवढेच त्याचे स्थान होते. त्यामुळे तिथल्या बंडखोरांना पाडायला भक्कम भिंत समोर नव्हती. त्यांना मोकळे मैदान मिळाले, आणि त्याचबरोबर नृत्याला गंभीर कला मानणारा प्रेक्षकही नव्हता, ही अडचण मिळाली.

या मैदानात आधी उतरलेल्यांपैकी लोई फुलर हिने 1892 मध्ये पॅरिसमध्ये रेशमाचे प्रचंड पदर काठ्यांच्या साहाय्याने फिरवून त्यांवर रंगीत विजेचे झोत सोडले. तिच्या नृत्यात देह जवळजवळ दिसतच नसे. दिसे ती ज्योत, कधी फूल, कधी फुलपाखरू. सॅन फ्रान्सिस्कोत 1877 मध्ये जन्मलेल्या इझाडोरा डंकनने याच्या उलट केले. तिने घट्ट चोळी आणि बूट काढून टाकले, ग्रीक शिल्पांतल्यासारखा सैल झगा घातला आणि शोपँ, ग्लुक, बेथोव्हेन अशांच्या संगीतावर ती अनवाणी नाचू लागली. हालचालीचा उगम पाठीच्या कण्याच्या तळाशी नसून छातीच्या मध्याखाली, बरगड्या जिथे दुभंगतात तिथे आहे, असे तिचे म्हणणे होते. मैफिलीत ऐकायच्या संगीतावर कोणी नाचावे, हेच पुष्कळ संगीतप्रेमींना सहन झाले नाही. अनवाणी पायांचा तिथे झालेला गवगवा आपल्याला थोडा गमतीचा वाटतो, कारण आपल्याकडे नाचणारे पाय जमिनीशी थेटच बोलत आले आहेत. पण तिथे बूट काढणे म्हणजे वजन कबूल करणे होते, आणि आधुनिक नृत्याची पुढची सगळी वाटचाल त्या कबुलीतून निघाली. डंकनने बर्लिनजवळ आणि पुढे मॉस्कोत शाळा काढल्या, परंतु दुसऱ्याच्या शरीरात जशीच्या तशी उतरवता येईल अशी पक्की पद्धत तिने घडवली नाही. 1927 मध्ये नीस येथे मोटारीच्या चाकात गळ्यातली ओढणी अडकून ती गेली, आणि तिच्या नृत्याचा मोठा भाग तिच्याबरोबर गेला.

तिसरी रूथ सेंट डेनिस, आणि तिची गोष्ट वाचताना मराठी वाचकाला हसू आवरणार नाही. सिगारेटच्या जाहिरातीतले इजिप्शियन देवीचे चित्र पाहून तिला पौर्वात्य नृत्याची प्रेरणा झाली आणि 1906 मध्ये तिने ‘राधा’ नावाचे नृत्य रंगमंचावर आणले. यातली राधा ही देवळातली मूर्ती आहे. ती जिवंत होते, पाच इंद्रियांच्या सुखांचे नृत्य करते आणि त्यांचा त्याग करून पुन्हा ध्यानस्थ होते. यात यमुना नाही, कृष्ण नाही, आणि संगीत फ्रेंच ऑपेरातले. हिंदुस्थान तिने तोवर पाहिलेलाही नव्हता. आजच्या भाषेत हा परक्या संस्कृतीचा सोयीस्कर वापर झाला, आणि तसे म्हणणे चुकीचे नाही. तरीही नृत्य ही आध्यात्मिक गोष्ट असू शकते, हा विचार अमेरिकन प्रेक्षकांपुढे तिने ठेवला, एवढे श्रेय तिला द्यावे लागते. नवरा टेड शॉन याच्यासह तिने 1915 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ‘डेनिशॉन’ ही शाळा काढली. पुढची सारी बंडखोर पिढी या शाळेत शिकली आणि तिला कंटाळून बाहेर पडली.

मार्था ग्रॅहम ही त्यांतली सर्वांत महत्त्वाची. 1894 मध्ये जन्मलेली ही मुलगी डेनिशॉनमध्ये 1916 साली दाखल झाली तेव्हा नर्तिका होण्याच्या दृष्टीने तिचे वय उलटून गेले होते. 1923 मध्ये ती बाहेर पडली, आणि 18 एप्रिल 1926 रोजी न्यूयॉर्कमध्ये तिने स्वतःचा पहिला कार्यक्रम केला. तो कार्यक्रम डेनिशॉनच्याच वळणाचा, गोडगोजिरा होता. पुढच्या तीन-चार वर्षांत मात्र तिने ओढण्या, दागिने, परदेशी पोशाख असे सगळे उतरवले आणि एकाच प्रश्नावर लक्ष ठेवले: भावना शरीरात नेमकी कुठे सुरू होते?

तिचे उत्तर समजण्यासाठी खुर्चीत बसल्या बसल्या एक करून पाहता येते. पूर्ण श्वास सोडा आणि अगदी शेवटचा वारा बाहेर काढण्यासाठी ओटीपोट आत ओढा. पाठीचा खालचा भाग मागे कमानीसारखा जातो, खांदे किंचित पुढे येतात, मान आपोआप वाकते. हुंदका, खोकला, पोट धरून हसणे किंवा प्रसूतीची कळ, या सर्वांत शरीर हेच करते. आता श्वास घ्या. कणा पुन्हा उलगडतो. ग्रॅहमने या आकुंचन आणि मोकळे होण्याच्या जोडीवर आपली संपूर्ण पद्धत उभारली. हात-पाय हलतात ते धडातल्या या झटक्याचा परिणाम म्हणून. तिच्या वर्गात विद्यार्थिनी सुरुवातीचा बराच वेळ जमिनीवर बसूनच व्यायाम करत, कारण उभे राहण्यापूर्वी कण्याला ही भाषा यावी लागते. बॅले वजन लपवत असे. ग्रॅहमच्या नृत्यात जमीन शरीराला ओढते आहे आणि शरीर तिच्याशी झगडते आहे, हे उघड दिसते.

1930 मध्ये तिने केलेले ‘लॅमेंटेशन’ म्हणजे ‘विलाप’ हे काही मिनिटांचे एकल नृत्य या पद्धतीचा अर्क आहे. नर्तिका एका बुटक्या बाकावर बसलेली आहे आणि डोक्यापासून पायांपर्यंत ताणल्या जाणाऱ्या जांभळ्या कापडाच्या नळीत गुरफटलेली आहे. बाहेर दिसतात ते फक्त चेहरा, हात आणि पावले. ती जवळजवळ शेवटपर्यंत बाकावरून उठत नाही. आतून कोपर रेटले की कापडावर तिरकी घडी उमटते, गुडघे फाकले की पोटाशी खोल सावली पडते. कोण गेले, कशाने गेले, यातले काहीही सांगितलेले नाही. आपल्या अभिनयपरंपरेत शोक म्हटला की त्याला आलंबन हवे, म्हणजे कोणाचा तरी, कशाबद्दल तरी शोक. इथे शोकाचा केवळ ताण आहे. एका कार्यक्रमानंतर रंगपटात आलेल्या स्त्रीची आठवण ग्रॅहम सांगत असे. त्या स्त्रीचा लहान मुलगा तिच्या डोळ्यांदेखत अपघातात गेला होता, तिला तोवर रडूच फुटले नव्हते, आणि हे नृत्य पाहताना ते फुटले.

ग्रॅहमच्या सावलीत डोरिस हम्फ्री नेहमीच झाकली जाते, आणि माझ्या मते हा तिच्यावर अन्याय आहे. तीही डेनिशॉनचीच विद्यार्थिनी. तिचे म्हणणे असे, की स्तब्ध उभे राहणे आणि आडवे पडणे या दोन्ही स्थिती निर्जीव आहेत. नृत्य आहे ते या दोहोंच्या मध्ये, तोल जाण्यात आणि सावरण्यात. 1928 च्या तिच्या ‘वॉटर स्टडी’त संगीत अजिबात नव्हते. नर्तिका एकमेकींच्या श्वासावर लक्ष ठेवून लाटेसारख्या उठत आणि कोसळत. समूहाची रचना कशी करावी याचा विचार तिच्याइतक्या शिस्तीने फार थोड्यांनी केला आहे.

आता समीक्षकांकडे वळू. 1927 पर्यंत अमेरिकन वर्तमानपत्रांत नृत्यावर लिहायचे काम संगीत समीक्षकाकडे असे, आणि तो बहुधा वाद्यवृंदाबद्दल लिहून शेवटी नर्तिकेच्या पोशाखावर दोन ओळी खर्च करी. त्या वर्षी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जॉन मार्टिन याला नृत्यासाठी नेमले. मार्टिनने नुसता निवाडा दिला नाही. काय पाहायचे ते वाचकाला शिकवले. 1933 साली पुस्तकरूपाने आलेल्या व्याख्यानांत त्याने मांडलेला विचार आपल्याला डोंबाऱ्याच्या खेळावरून चटकन समजेल. दोरावरून चालणारी पोर एका बाजूला कलली की रस्त्यावर उभ्या असलेल्या आपलेही अंग नकळत दुसऱ्या बाजूला झुकते. पाहणाऱ्याच्या स्नायूंत ही जी हालचाल उमटते, तिच्यामार्फत नर्तकाची भावना प्रेक्षकापर्यंत पोहोचते, असे मार्टिनचे प्रतिपादन होते. गोष्ट कळली नाही, मुद्रांचा अर्थ माहीत नाही, म्हणून घाबरलेल्या प्रेक्षकाला या विचाराने मोठा आधार दिला.

विरोधकांची बाजूही पोकळ नव्हती. रशियन बॅले रचनाकार मिखाईल फोकिन याने 1931 मध्ये न्यूयॉर्कच्या ‘न्यू स्कूल’मधील एका कार्यक्रमात ग्रॅहमला भर सभेत प्रश्न विचारून वाद घातला. चेहरे एवढे कठोर का, हालचाली एवढ्या कोनाकोनाच्या का, नैसर्गिक म्हणवणाऱ्या नृत्यात हात साधा सरळ वर का जात नाही, असा त्याच्या आक्षेपांचा रोख होता. ही बाई आता चौकोनी ठोकळ्याला जन्म देणार की काय, अशी स्टार्क यंग या नाट्यसमीक्षकाची थट्टा सर्वतोमुखी झाली. विनोदी नटी फॅनी ब्राइसने 1936 मध्ये ब्रॉडवेवर या नृत्याचे विडंबनच केले. बॅलेचा पुरस्कर्ता लेखक लिंकन कर्स्टीन याचा आक्षेप अधिक विचारी होता: बॅले ही अनेक पिढ्यांनी घासूनपुसून घेतलेली, कोणालाही शिकता येणारी भाषा आहे, आणि आधुनिक नृत्य हे एकेका व्यक्तीचे खासगी बोलणे, ती व्यक्ती गेली की पुढे काय? डंकनचे उदाहरण त्याच्या बाजूने होते. याच कर्स्टीनने बॅले रचनाकार जॉर्ज बॅलंचिनला अमेरिकेत आणून 1934 मध्ये बॅलेची शाळा सुरू केली. ग्रॅहमबद्दलचे आपले सुरुवातीचे मत त्याने पुढे बरेच बदलले, आणि 1959 मध्ये त्याच्या संस्थेच्या ‘एपिसोड्स’ या कार्यक्रमाचा एक भाग ग्रॅहमने तर दुसरा बॅलंचिनने रचला.

पोट कसे भरत होते, हा प्रश्न नृत्याच्या इतिहासात फारसा विचारला जात नाही. याचे उत्तर महिला महाविद्यालयांच्या व्यायामशाळांत आहे. 1934 पासून व्हरमाँटमधल्या बेनिंग्टन कॉलेजात भरणाऱ्या उन्हाळी वर्गांना देशभरातून शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका येत, ग्रॅहम, हम्फ्री, चार्ल्स वाइडमन आणि जर्मनीहून आलेली हान्या होल्म यांच्याकडे शिकत, आणि परत गेल्यावर आपल्या कॉलेजात याच मंडळींचे कार्यक्रम ठरवत. रंगमंच नसला तर बास्केटबॉलच्या मैदानावर नाच होई.

जर्मनीची कथा वेगळी आणि काळी आहे. तिथे रुडॉल्फ लाबानने कोणतीही हालचाल कागदावर उतरवता येईल अशी लिपी 1928 मध्ये प्रसिद्ध केली. मारी विगमनने ड्रेस्डेनच्या शाळेतून मुखवटा, ढोल आणि स्तब्धतेचे उग्र नृत्य घडवले. कुर्ट योसच्या 1932 च्या ‘द ग्रीन टेबल’मध्ये हिरव्या टेबलाभोवती मुत्सद्दी वाटाघाटी करतात आणि युद्धभर मृत्यू एकेकाला घेऊन जातो. नाझी आल्यावर आपल्या ज्यू सहकाऱ्यांना काढण्यास नकार देऊन योस देश सोडून गेला. लाबान आणि विगमन यांनी मात्र 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकसाठी काम केले, आणि लाबानची रचना गोबेल्सने ऐन वेळी बंद पाडल्यावरच त्याचे दिवस फिरले. त्याच ऑलिंपिकच्या नृत्यमहोत्सवाचे निमंत्रण ग्रॅहमने नाकारले होते. तिच्या संचात ज्यू नर्तिका होत्या. शरीराच्या मुक्तीची भाषा बोलणारी कला हुकूमशाहीलाही सोयीची वाटू शकते, हे या प्रकरणात दिसते.

अमेरिकेच्या कथेतही एक आंधळी जागा आहे. कृष्णवर्णीय नर्तिका कॅथरिन डनहॅमने 1935-36 मध्ये कॅरिबियन बेटांवर मानववंशशास्त्राचे रीतसर संशोधन करून त्यावर स्वतःची नृत्यपद्धती बसवली. पर्ल प्रायमसने जीवशास्त्राची पदवी घेतली होती. तरीही कृष्णवर्णीय नर्तकांचे कौतुक करताना त्यांच्या रक्तातच ताल आहे, असे लिहिण्याकडे समीक्षकांचा कल असे, आणि मार्टिनसारखा जाणकारही त्याला अपवाद नव्हता. ग्रॅहमची हालचाल ही तिच्या बुद्धीची निर्मिती आणि डनहॅमची मात्र निसर्गाची देणगी, असा हा छुपा न्याय होता. कृष्णवर्णीय नृत्यरचनाकार अ‍ॅल्विन एलीचे ‘रेव्हलेशन्स’ 1960 मध्ये आले आणि अमेरिकन आधुनिक नृत्यातली बहुधा सर्वाधिक पाहिली गेलेली रचना ठरले, तेव्हा कुठे चित्र पालटू लागले.

एव्हाना ग्रॅहमचे बंड हेच घराणे झाले होते, आणि त्याविरुद्धचे पहिले मोठे बंड तिच्याच संचातून उठले. मर्स कनिंगहॅम 1939 ते 1945 तिच्याकडे नाचला. त्याचे म्हणणे असे, की हालचालीला भावनेचा भार वाहायला लावायचे कारण काय? हालचाल ही हालचाल आहे. त्याचा जोडीदार, संगीतकार जॉन केज, 1946 च्या सुमारास अहमदाबादच्या गीता साराभाई यांच्याकडून भारतीय संगीताबद्दल शिकत होता आणि रसविचार त्याच्या मनात घोळत होता. त्यातून 1951 मध्ये कनिंगहॅमने ‘सिक्स्टीन डान्सेस’ ही रचना नऊ स्थायी भावांवर बेतली आणि कोणत्या भावामागून कोणता यावा, हे नाणे उडवून ठरवले. शांत तेवढा शेवटी ठेवला. शृंगारानंतर करुण की भयानक, हा प्रश्न आपल्या रसिकांना जिव्हाळ्याचा; तो इथे छापा-काट्यावर सोडलेला. पुढे हीच त्याची रीत झाली. कोणता अवयव, कोणती दिशा, किती सेकंद, हे नशिबावर ठरे; नर्तक महिनोन्‌महिने घड्याळ लावून सराव करत आणि संगीत पुष्कळदा पहिल्या प्रयोगाच्याच दिवशी ऐकत. कथक पाहणारा समेची वाट पाहतो आणि समेवर मान डोलावतो. इथे सम नाहीच. संगीत आणि नृत्य एकाच छपराखाली राहणाऱ्या पण एकमेकांशी न बोलणाऱ्या बिऱ्हाडांसारखे चालतात. ज्यांना हे रुक्ष वाटते त्यांचा मला राग येत नाही, पण पंधरा मिनिटे तग धरली तर डोळा खरोखरच वेगळ्या रीतीने पाहू लागतो.

नकाराचे टोक 1957 च्या ऑक्टोबरात गाठले गेले. तेव्हा ग्रॅहमच्याच संचात असलेल्या पॉल टेलरने न्यूयॉर्कमध्ये सात नव्या नृत्यांचा कार्यक्रम केला. एका नृत्यात टेलिफोनवर वेळ सांगणाऱ्या बाईच्या आवाजावर तो सूट घालून साध्या हालचाली करत होता. दुसऱ्यात तो आणि त्याची सहकारी पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत जागचे हललेच नाहीत. प्रेक्षक उठून जाऊ लागले. लुई हॉर्स्ट हा ग्रॅहमचा जुना संगीत-मार्गदर्शक ‘डान्स ऑब्झर्व्हर’ हे मासिक चालवत असे. त्याने पुढच्या अंकात कार्यक्रमाचे स्थळ आणि तारीख छापली, खाली कोरी जागा सोडली आणि तळाशी आपली आद्याक्षरे घातली. निर्भर्त्सनेला यापेक्षा नेमके रूप देणे कठीण आहे. गंमत अशी, की न हलण्याला न लिहिण्याने उत्तर देऊन हॉर्स्टने टेलरची भाषा आपल्याला कळल्याचेच सिद्ध केले, आणि त्या कोऱ्या रकान्याने टेलरचे नाव सर्वांच्या तोंडी झाले.

1962 मध्ये न्यूयॉर्कच्या जडसन चर्चमध्ये जमलेल्या तरुणांनी मग चालणे, धावणे, गादी उचलून नेणे हेही नृत्यच म्हणून मांडले. त्यांतल्या यव्हॉन रेनरने नेत्रदीपकता, कसब, जादू, प्रेक्षकाला भुरळ पाडणे अशा गोष्टींना एकेक करून नकार देणारा जाहीरनामाच लिहिला. इथून पुढच्या काळाला आधुनिकोत्तर नृत्य म्हणतात.

समीक्षकाचा कोरा रकाना मात्र एका वेगळ्या रूपात परत आला. 1994 च्या अखेरीस ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाच्या नृत्यसमीक्षक अर्लीन क्रोची यांनी नृत्यरचनाकार बिल टी. जोन्सच्या ‘स्टिल/हिअर’ या रचनेवर लिहिले, आणि आपण हा प्रयोग पाहिलेला नाही व पाहणारही नाही, हे त्यातच सांगून टाकले. जोन्स स्वतः एचआयव्हीबाधित होता, आणि रचनेत जीवघेण्या आजाराशी झुंजणाऱ्या खऱ्या माणसांच्या चित्रफिती होत्या. खरे रुग्ण रंगमंचावर आणले की समीक्षकाला दयेखेरीज काही म्हणण्याची सोयच उरत नाही, असा क्रोचींचा आक्षेप होता. न पाहता लिहिणे हा समीक्षकाचा अक्षम्य अपराध होय, हे त्यांच्या विरोधकांचे म्हणणे मला बिनतोड वाटते. पण त्यांनी विचारलेला प्रश्न त्यामुळे निकालात निघत नाही.

कर्स्टीनचा जुना प्रश्न, माणूस गेल्यावर काय, तोही अखेर कोर्टात गेला. ग्रॅहम 1991 मध्ये वारली. तिने नेमलेला वारस आणि तिचीच संस्था नृत्यांच्या मालकीवरून भांडत राहिले, आणि मधल्या काळात तिच्या संचाला काम थांबवावे लागले. 2002 मध्ये न्यायालयाने बहुतेक वादग्रस्त नृत्ये संस्थेची ठरवली, कारण ती रचताना ग्रॅहम त्या संस्थेची पगारी नोकर होती. कनिंगहॅमने हे सगळे पाहिले होते. त्याने मरणापूर्वीच आराखडा करून ठेवला: आपल्यामागे संचाने दोन वर्षे जगभर अखेरचा दौरा करावा, मग कायमचे थांबावे, ध्वनिचित्रमुद्रणे, टिपणे, वेशभूषा व प्रकाशयोजनेचे तपशील नीट जपावेत, आणि ज्यांना ती नृत्ये करायची असतील त्यांनी परवानगी घेऊन करावीत. तो 2009 मध्ये गेला. 31 डिसेंबर 2011 च्या रात्री न्यूयॉर्कच्या एका भव्य जुन्या लष्करी सभागृहात त्याचा संच शेवटचा नाचला, आणि विसर्जित झाला.